‘आदमचं कॅलेंडर’ आणि परग्रहवासीयांच्या खाणी: एका फॉरवर्डचा समाचार

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात कापसेहूप नावाचं छोटं गाव आहे. तिथून जवळच, कड्याच्या अगदी काठावर, गवतात काही काळपट दगड आहेत. काही उभे, काही कललेले, बरेचसे आडवे. या दगडांबद्दलचा एक मेसेज कित्येक वर्षं जगभर फिरतोय आणि आता त्याची मराठी आवृत्तीही जोरात आहे. मजकूर थोडक्यात असा: ही जगातली सर्वांत जुनी मानवनिर्मित वास्तू. वय ७५,००० वर्षं. मृग नक्षत्राशी जुळवलेलं दगडी कॅलेंडर. आजूबाजूला लाखो दगडी वर्तुळं, त्यांतल्या एकालाही दार नाही. सुमेरियन लेखांतले अनुनाकी, म्हणजे परग्रहावरून आलेले देव, इथं सोनं काढत होते. जवळच्या सुदवाला गुहेत ६,००० वर्षांपूर्वीचं शिवलिंग सापडलंय. आणि शेवटी नेहमीचं: शास्त्रज्ञ हे लपवून ठेवतात, तुम्ही मात्र पुढं पाठवा.

मी नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. त्यामुळं हा मेसेज माझ्याकडं मामांकडून येतो, शाळेतल्या मित्रांकडून येतो आणि सोबत ‘अरे, हे तुझ्या तिकडचंच ना? जाऊन ये की’ अशी सूचनाही येते. जाऊन आलोय. जागा सुंदर आहे, मेसेज मात्र जवळजवळ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चुकीचा आहे.

दाव्याचा उगम आधी सांगतो. योहान हायने नावाच्या वैमानिकाचं २००३ साली या दगडांकडं लक्ष गेलं. मायकेल टेलिंजर या लेखकाबरोबर त्यांनी २००८ साली त्यावर पुस्तक काढलं. ‘आदमचं कॅलेंडर’ हे नाव तेव्हापासूनचं. दोघांपैकी कुणीही पुरातत्त्वज्ञ नाही. अर्थात तेवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, हौशी माणसांनी मोठे शोध लावलेले आहेतच. म्हणून माणसं बाजूला ठेवू आणि मुद्दे घेऊ.

‘वय ७५,००० वर्षं’

हा आकडा आला कुठून? उत्खननातून नाही. कोळसा, हाड, राख, दगडाखालची माती, यांतलं काही तपासून कुणी ही तारीख काढलेली नाही. तर्क असा लढवला गेला की, तिथले तीन दगड म्हणजे मृग नक्षत्राच्या पोटातला बाण, ते तीन ओळीतले तारे. ते तारे क्षितिजावर ठरावीक स्थितीत कधी दिसले असतील याचं उलटं गणित मांडलं, आणि उत्तर आलं ७५,००० वर्षांपूर्वी.

आता या गणिताची गंमत बघा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्यामुळं ताऱ्यांची उगवण्याची जागा हळूहळू सरकते. संपातचलन म्हणतात ते हेच. एक फेरा पुरा व्हायला सुमारे २५,८०० वर्षं लागतात आणि मग आकाश जवळपास पहिल्या जागी येतं. म्हणजे एखादी स्थिती ७५,००० वर्षांपूर्वी जुळत असेल, तर ती साधारण ४९,००० वर्षांपूर्वीही जुळली असणार आणि २३,००० वर्षांपूर्वीही. मग त्यांतली सर्वांत जुनीच का निवडली? कारण जुनं जास्त खपतं. पुढं हाच आकडा दीड लाख, दोन लाख असा फुगत गेला, तोही याच वाटेनं.

दुसरी गोष्ट दगड निवडण्याची. समजा वर्तुळात ३० दगड आहेत. कुठलेही दोन दगड जोडून रेघ काढायची म्हटली तर ४३५ रेघा निघतात. दिशा मोजायच्या तर अर्ध्या वर्तुळात १८० अंश. एवढ्या रेघांतून उत्तर-दक्षिण सापडेल, सूर्याचं उत्तरायण-दक्षिणायन सापडेल, आणि मनात आणलं तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची दिशाही सापडेल. रेघ जुळली, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. ती जुळावी म्हणूनच कुणीतरी दगड तिथं ठेवला, हे वेगळ्या पुराव्यानं दाखवावं लागतं.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली वेदांचा काळ ठरवताना मृगशीर्षातल्या वसंतसंपाताचा म्हणजे याच संपातचलनाचा आधार घेतला होता. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी मानला असं नाही. पण टिळकांच्या हाताशी वचनं होती. अमुक काळी वर्षारंभ अमुक नक्षत्रात होत असे, असा अर्थ ज्यांतून निघतो असे उतारे होते. कापसेहूपचे दगड काहीच बोलत नाहीत. बोलतात ती त्यांच्यापुढं कॅमेरा धरणारी माणसं.

दगड इतका झिजलाय म्हणजे तो इतका जुना, असंही मेसेजात असतं. झीज दगडाच्या पृष्ठभागाचं वय सांगते. तो पृष्ठभाग उघडा पडून लाख वर्षं झाली असतील, म्हणून तो दगड माणसानं लाख वर्षांपूर्वी उभा केला असं होत नाही. नाहीतर सह्याद्रीतली प्रत्येक शिळा साडेसहा कोटी वर्षांची वास्तू ठरेल.

आणि ७५,००० वर्षांपूर्वीचं माणसाचं काम बघायचंच असेल तर ते याच देशात आहे. केप किनाऱ्यावरच्या ब्लोम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यांवर कोरलेली चौकटीची नक्षी मिळाली आहे, छिद्रं पाडलेले शिंपल्यांचे मणी मिळाले आहेत, तेही साधारण तेवढेच जुने. सुमारे ७३,००० वर्षांपूर्वी गेरूनं ओढलेल्या रेघांचा तुकडाही तिथलाच, तो २०१८ साली जाहीर झाला. हे सगळं मातीच्या थरांत, तारखांसकट सापडलं. बोटाच्या पेराएवढ्या वस्तू आहेत, म्हणून कदाचित त्यांचे मेसेज होत नसावेत.

‘असे दगड आपोआप उभे राहतच नाहीत’

राहतात. कापसेहूपला गेल्यावर पहिली जाणीव होते ती याचीच. गावाभोवती सगळीकडं खडकांचे विचित्र आकार आहेत: एकावर एक रचल्यासारखे, वाकलेले, मधे पोकळी पडलेले. १८८०च्या दशकात सोन्याच्या मागं इथं आलेल्या लोकांनी या जागेला ‘डायवल्स कंटूर’, म्हणजे सैतानाची कचेरी, म्हटलं ते या खडकांमुळं आणि धुक्यामुळं. परग्रहवासीय तेव्हा कुणाला सुचले नव्हते.

‘कॅलेंडर’मधले मुख्य दगड डोलेराइटचे आहेत आणि भोवतालचा खडक क्वार्टझाइट, म्हणून ते बाहेरून आणले असणार, हा पुढचा मुद्दा. पण डोलेराइट हा शिरांचा दगड आहे. जुन्या खडकाला भेग पडते, तीत खालून लाव्हारस शिरून थिजतो आणि आजूबाजूचा खडक झिजला की ती काळी शीर उघडी पडते. म्पुमलांगाच्या या कड्याच्या पट्ट्यात अशा शिरा जागोजागी आहेत. धुळे-नंदुरबारकडच्या लोकांना हे सांगायला नको. तिकडं माळावरून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडांच्या भिंती हा हाच प्रकार. डोलेराइट तडकतो तोही उभ्या-आडव्या सांध्यांवर. कडेची माती वाहून गेली की एखादा खांबासारखा तुकडा उभा राहतो, बाकीचे कलंडतात.

जागेवर गेल्यावर दिसतं ते असं. मधे दोन मोठे दगड, माणसाहून उंच, एकमेकांकडं किंचित कललेले. बाकीचे गुडघ्याएवढे, निम्मे गवतात बुडालेले. वर्तुळ आहे असं सांगितल्यावर दिसायला लागतं. न सांगता दिसेलच असं मला वाटत नाही. दगडांच्या मुळाशी बसून पाहिलं तर छिन्नीची खूण नाही, टाके नाहीत, रुतवण्यासाठी खड्डा खणून पाचर मारल्याचं काही नाही. जरा पुढं जमीन संपते आणि कित्येक शे मीटर खाली डी काप खोरं पसरलेलं दिसतं. सकाळी तिथून धुकं वर चढतं आणि पाच मिनिटांत तुमच्या शेजारचा माणूस दिसेनासा होतो. अशा जागी माणसाला काहीतरी वाटणारच, आणि वाटावंही. त्यातल्या एखाददुसऱ्या दगडाला गुराख्यानं आधार दिला असेल, कुणी हलवला असेल. पण त्यावरून वेधशाळा उभी राहत नाही.

खरेखुरे उभे केलेले दगड कसे ओळखू येतात, ते सांगतो. सेनेगल आणि गांबिया या देशांत गांबिया नदीच्या काठानं सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात हजारावर दगडी स्मारकं आहेत. सीन न्गायेन, वानार, वासू आणि केरबाच या चार ठिकाणांना २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दगड कुठला? जांभा, आपल्या कोकणात ज्याचे चिरे काढतात तो. लोखंडी हत्यारांनी घडवलेले, जवळजवळ एकसारखे गोल किंवा पैलूदार खांब, सरासरी दोन मीटर उंच, काहींचं वजन सात टनांपर्यंत. ते कुठून काढले त्या खाणी माहीत आहेत, आणि सोबत पुरलेली माणसं मिळाली आहेत. ही परंपरा इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत चालली. आणखी जुनं हवं तर दक्षिण इजिप्तच्या वाळवंटात नाब्ता प्लाया आहे. पावसाळी तळ्याच्या काठी येणाऱ्या गुराख्यांनी काही हजार वर्षांपूर्वी तिथं शिळा उभ्या केल्या आणि गाईही विधीपूर्वक पुरल्या. तिथल्या तारखा चुलींच्या कोळशावरून आणि तळ्याच्या गाळावरून काढल्या. आकाशाशी असलेलं नातं त्यानंतर तपासलं गेलं आणि त्यावर आजही वाद चालतात. क्रम हा असा असतो.

आपल्याकडं नागपूरजवळ जुनापाणीला शेकड्यांनी शिळावर्तुळं आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खणलं, पुढं विदर्भात माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं रीतसर उत्खननं झाली. वर्तुळांत लोखंडी हत्यारं, मडकी, घोड्यांचे सांगाडे निघाले आणि लोहयुगातल्या माणसांची दफनं म्हणून ती ओळखली गेली. विदर्भातल्या वर्तुळांसाठी माणसं पुरेशी होतात. आफ्रिकेतल्यांना मात्र परग्रहावरून मजूर आणावे लागतात.

‘लाखो वर्तुळं, दार एकालाही नाही’

मेसेजमधला हा एकच भाग असा आहे की ज्याच्या मागं खरोखर काहीतरी आहे, आणि जे आहे ते मेसेजपेक्षा कितीतरी मोठं आहे.

जोहान्सबर्गहून एन-फोर महामार्गानं पूर्वेला निघालं की मखाडोडॉर्पच्या आसपास डोंगरउतारांवर दगडी वर्तुळं दिसायला लागतात. उत्तरेला ओरिगस्टॅडपासून दक्षिणेला कॅरोलिनापर्यंत, सुमारे १५० किलोमीटरच्या पट्ट्यात ही वस्ती पसरली होती. तो प्रदेश म्हणजे बोकोनी, आणि तिथं राहणारे लोक कोनी. काळ साधारण इसवीसन १५०० ते १८२०. म्हणजे आपल्याकडं बहमनी राज्याचे तुकडे पडत होते तेव्हापासून पेशवाई बुडेपर्यंत. पीटर डेलियस, टिम मॅग्ज आणि ॲलेक्स स्कूमन या अभ्यासकांनी हे चित्र उत्खननं, हवाई छायाचित्रं, मौखिक परंपरा आणि जुने कागद एकत्र ठेवून उभं केलं आहे.

एखाद्या घराच्या अवशेषात उभं राहिलं की रचना लगेच कळते. मधे गोल आवार, ते गुरांचं. त्याच्या बाहेर दुसरं मोठं वर्तुळ, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत झोपड्या. कडेला लहान गोल, वासरं आणि शेळ्यामेंढ्यांसाठी, आपण वाडगं म्हणतो तसं. भिंती चुना-मातीशिवाय रचलेल्या, म्हणजे निव्वळ गडगे: दोन्ही तोंडांना मोठे दगड, पोटात बारीक भरताड. झोपड्या माती, लाकूड आणि गवताच्या; त्या दोनशे वर्षांत विरून गेल्या. वरून ड्रोननं पाहणाऱ्याला उरलेलं दिसतं ते फक्त दगडी गोल आणि मग तो विचारतो, छप्पर कुठं गेलं?

आणि दारं आहेत. गुरांच्या आवाराला आत-बाहेर करायला वाट आहे. कित्येक ठिकाणी तिच्या दोन्ही अंगांना उभे दगड लावलेले दिसतात. काही वाटा भिंत ढासळून बुजल्या, काही गुरं कोंडायला मुद्दाम दगड टाकून बंद केल्या गेल्या. लाकडी ओंडके टाकून बंद केलेल्या वाटेचे ओंडके कुजले. दोनशे मीटर उंचीवरून काढलेल्या फोटोत फूट-दोन फुटांची पडझड झालेली फट दिसली नाही, म्हणून ‘एकालाही दार नाही’ असं लिहिणं हे आळशीपणाचं आहे. खाली उतरून चालायला हवं.

या वर्तुळांना जोडणारे लांबलचक दुहेरी गडगे आहेत, काही शेकडो मीटर जाणारे. मेसेजमध्ये त्यांना ‘ऊर्जा वाहून नेणाऱ्या नाड्या’ म्हटलंय. गावाकडच्या माणसाला ते एका नजरेत कळतील: पांदण. गुरं गोठ्यातून निघाली की दोन्ही बाजूंच्या पिकात तोंड न घालता थेट कुरणात जावीत, म्हणून. कारण त्या पांदणींच्या दोन्ही अंगांना ताली घालून केलेली शेतं आहेत. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बांध घालून माती धरलेली, ज्वारी-बाजरीच्या जातीची धान्यं आणि पुढं मका. वस्त्यांत जाती-पाटे सापडतात, मडकी सापडतात, गुरांच्या आवारात शेणाचा थर सापडतो. ऊर्जेच्या केंद्रात शेण कशाला साठेल?

यातलं मला सर्वांत आवडलेलं म्हणजे बूमप्लाट्सचे दगड. लायडनबर्गजवळच्या या जागेत खडकांवर नक्षी कोरलेली आहे: गोलात गोल, त्यांना चिकटलेले छोटे गोल आणि एका गोलाकडून दुसऱ्याकडं जाणाऱ्या रेघा. टिम मॅग्ज यांनी दाखवून दिलं की ही वस्तीचीच चित्रं आहेत. घर, गुरांचं आवार, पांदण. ज्यांनी ती वर्तुळं बांधली त्यांनीच आपल्या वस्तीचा नकाशा दगडावर कोरून ठेवला आहे.

‘लाखो’च्या आकड्याबद्दल थोडक्यात. काही आवृत्त्यांत तो एक कोटी आहे. प्रत्येक घराच्या पाच-सात गोलांना वेगवेगळं मोजलं, त्यात बोकोनीशी संबंध नसलेल्या वस्त्या मिळवल्या, की आकडा वाढतो. दगडी भिंतींची वस्ती दक्षिण आफ्रिकेत इतरांनीही केली. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला क्वेनेंग नावाचं त्स्वाना भाषकांचं नगर होतं. विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या करीम सद्र यांनी विमानातून लेसर मोजणी करून तिथली सुमारे आठशे घरं नकाशावर आणली. सगळे गोल एकाच हातानं, एकाच काळात बांधले हे समजणंच चूक आहे.

मग हे लोक गेले कुठं? अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडी या शेजारच्या आफ्रिकी राज्याचा दबाव वाढला, मागोमाग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत स्वारीवर स्वारी झाली. उघड्या उतारांवरची घरं सोडून लोक अडचणीच्या, लढायला सोप्या जागी गेले, फुटले, दुसऱ्या समाजांत मिसळले. गुरं लुटली गेली की ताली आणि पांदणी सांभाळायला कुणी उरत नाही. गोरे शेतकरी आले तेव्हा उतार ओस पडलेले होते. या ओस जमिनीवरच पुढच्या सगळ्या दंतकथा उगवल्या.

‘अनुनाकींच्या सोन्याच्या खाणी’

यावर फार वेळ घालवायला नको. अनुनाकी सोन्यासाठी पृथ्वीवर आले ही गोष्ट झेकारिया सिचिन या लेखकाच्या १९७६ सालच्या पुस्तकातली आहे, मातीच्या विटांवरच्या लेखांतली नाही. मेसोपोटेमियाच्या कथेत कष्टाला कंटाळून बंड करणारे देव आहेत खरे, पण त्यांचे कष्ट कालवे खणण्याचे आहेत. त्या कष्टांसाठी मग माती आणि एका मारलेल्या देवाचं रक्त मिसळून माणूस घडवला जातो. सपाट, नद्यांच्या देशातल्या लोकांना कालव्यांचीच कथा सुचणार. आणि ‘अब्झू’ म्हणजे आफ्रिका असं जे ठोकून दिलं जातं, तो अब्झू म्हणजे जमिनीखालचा गोड्या पाण्याचा साठा, एन्की देवाचं घर.

कापसेहूपसमोरच्या खोऱ्यापलीकडं, बार्बर्टनच्या डोंगरांत सोनं आहे, यात वाद नाही. १८८४-८५च्या सुमारास तिथं झुंबड उडाली आणि शीबा खाण तेव्हापासूनची. पण ते सोनं कठीण खडकाच्या शिरांत आहे. हजारो वर्षं ते काढलं असतं तर दगड फोडल्याचे ढीग, पाणी उपसल्याच्या खुणा, हत्यारं, भट्ट्या दिसल्या असत्या. खरी प्राचीन खाण आहे ती सीमेपलीकडं, एस्वातिनीतल्या (पूर्वीच्या स्वाझीलँडमधल्या) न्ग्वेन्याला: ४०,००० वर्षांहून जुनी. तिथं माणसांनी काय काढलं? गेरू. अंगाला लावायला, रंगवायला. या भागातल्या माणसांची सोन्याच्या आधीची हौस रंगाची होती.

‘शिवलिंग सापडलं, म्हणजे आपलेच लोक’

मूळ इंग्रजी मेसेजमध्ये हे नसतं. ही भर आपली.

सुदवाला गुहा खरी आहे, बघण्यासारखी आहे. ती डोलोमाइटमधली गुहा आहे आणि पाणी ठिबकून खालून वर वाढलेले चुन्याचे खांब तिथं कितीतरी. त्यांतल्या एखाद्यात कुणाला पिंड दिसली तर मला त्यात गैर वाटत नाही; अमरनाथलाही लिंग निसर्गानंच घडवलेलं आहे आणि त्यानं श्रद्धेला बाधा येत नाही. पण ‘६,००० वर्षांपूर्वी घडवलेलं, पुरातत्त्वज्ञांना सापडलेलं’ म्हटलं की हिशेब द्यावा लागतो. कुणी खणलं, कुठल्या साली, वस्तू आज कुठल्या संग्रहालयात आहे? मेसेजमध्ये यांतलं एकही उत्तर नाही.

याला एक अर्धवट विद्वत्तेचा टेकूही आहे. सिरिल ह्रोमनिक या इतिहासकारानं १९८१ साली असं मांडलं की सोन्यासाठी आलेल्या द्रविड व्यापाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतली दगडी बांधकामं केली, ती मुळात मंदिरं. भारतातल्या काही गटांना ते साहजिकच गोड वाटलं. उत्खननांनी मात्र त्याला कुठंच आधार दिला नाही: गुरांची आवारं, स्थानिक मडकी, स्थानिक धान्यं.

भारताचा आफ्रिकेशी जुना संबंध होता आणि त्याचे पुरावे आहेत. लिंपोपो नदीकाठी मापुंगुब्वे नावाचं राज्य तेराव्या शतकात भरात होतं. सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला तिथला गेंडा प्रसिद्ध आहे. त्या काळच्या वस्त्यांत हिंदी महासागराच्या व्यापारातून आलेले काचमणी सापडतात, त्यांत भारतीय बनावटीचेही आहेत. रायगड जिल्ह्यातल्या चौलला मिळालेले काचमणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे मणी, यांच्या काचेची रासायनिक जात जुळते हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. चौल बंदर, तिथून गलबतं, स्वाहिली किनारा, तिथून आतल्या भागात हातोहाती. मोहरीएवढ्या मण्यांची ही गोष्ट पुराव्यानिशी सांगता येते आणि तीत आफ्रिकी माणूस गिऱ्हाईक आहे, व्यापारी आहे, राजा आहे. गड्यासारखा दगड वाहणारा नाही.

‘शास्त्रज्ञ लपवून ठेवतात’

लपवालपवी झाली होती, पण ती उलट दिशेची.

शेजारच्या झिंबाब्वेत ग्रेट झिंबाब्वे हे दगडी नगर आहे, अकराव्या ते पंधराव्या शतकातलं. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ साली तिथं पोहोचला. दाराच्या तुळईचं लाकूड आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखं दिसलं, म्हणजे ते लेबनॉनचं देवदार, म्हणजे हे बायबलमधल्या शेबाच्या राणीचं काम, असा त्याचा तर्क. पुढं रिचर्ड हॉलनं ‘काफिर’ (काळ्या आफ्रिकी लोकांसाठी गोरे वापरत तो अपमानकारक शब्द) वस्तीची घाण म्हणून वरचे थर उपसून फेकून दिले. खरा पुरावा त्याच थरांत होता. १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हरनं स्वच्छ सांगितलं की हे आफ्रिकी लोकांचं मध्ययुगीन काम आहे. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसननं नव्यानं खणून तेच सिद्ध केलं. तरीही गोऱ्यांच्या ऱ्होडेशिया (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) सरकारला ते मान्य नव्हतं. काळ्या माणसांनी हे बांधलं असं पाहुण्यांना सांगू नये, असा दबाव होता, आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० साली देश सोडावा लागला.

म्हणून ‘आफ्रिकेत हे कुणी बांधलं असेल बरं?’ हा प्रश्न मला निरागस वाटत नाही. फिनिशियन, शेबाची राणी, द्रविड व्यापारी, आता अनुनाकी: शंभर-दीडशे वर्षांत नावं बदलली, जागा तीच राहिली. तिथं राहणाऱ्या माणसाला सोडून कुणीही चालतं. बोकोनीवरचं संशोधन मात्र छापील, विकत मिळणारं आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयात कुणालाही वाचता येणारं आहे.

‘मग जायचंच नाही का?’ असं मामांनी विचारलं. जायचं तर. कापसेहूपला धुक्यासाठी जा, मोकाट घोड्यांसाठी जा, सोन्याच्या काळातल्या पत्र्याच्या घरांसाठी जा. दगडांपाशी उभं राहून खालचं खोरं बघा. ते खोरं आणि पलीकडचे बार्बर्टन-माखोंज्वाचे डोंगर सव्वातीन ते ३.६ अब्ज वर्षांच्या खडकांचे आहेत, डोंगर २०१८ पासून जागतिक वारसा. पण एक दिवस वेगळा काढून लायडनबर्ग, म्हणजे आजचं माशिशिंग, गाठा. तिथल्या संग्रहालयात इसवीसन ५००च्या सुमाराच्या सात मातीच्या शिरांच्या प्रतिकृती आहेत, मूळ शिरं केप टाउनला. आणि येता-जाता उतारावरच्या एखाद्या बोकोनी वस्तीत चालून या. बहुतेक अवशेष खासगी शेतांवर आहेत, तेव्हा मालकाला आधी फोन करा, आणि आत गेल्यावर एकही दगड हलवू नका, ‘ऊर्जेसाठी’ नवा गोल तर मुळीच रचू नका. १९९९च्या वारसा कायद्यानं अशा जागांत परवान्याशिवाय ढवळाढवळ करणं गुन्हा आहे, आणि गडग्यातला एक दगड काढला की वाट कुठं होती ते पुढच्या माणसाला कळत नाही.